खुनाचे कारण लहान होते काय?



घरातला मुलगा किंवा मुलगी पुस्तकात डोके खुपसून बसलेली दिसली की आईबापाला बरे वाटते. पण त्याच पुस्तकाच्या वेष्टनावर सुरा आणि रक्त दिसले की जीव चरकतो. "हे कसलं वाचतेस गं?" असा प्रश्न येतो आणि पुष्कळदा पुस्तक हातातून काढून घेतले जाते. मुलगी काही बोलत नाही. चार दिवसांनी तेच पुस्तक मैत्रिणीकडे बसून वाचते. म्हणून या वेळी अशाच एका पुस्तकाबद्दल आणि ते वाचणाऱ्यांच्या मतांबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असे आम्ही ठरविले.

खुनाची पुस्तके आपल्याला नवी नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि गिरणगावातल्या चाळींतून त्या हातोहात फिरल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावे आजच्या आजोबांना अजून तोंडपाठ आहेत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा वाचून रात्री मोरीपर्यंत जायला घाबरलेली माणसे आज स्वतः आईबाप आहेत. तेव्हा भीतीची पुस्तके वाचून मुले बिघडतात असे म्हणण्याचा अधिकार आपल्या पिढीला फारसा उरलेला नाही.

आम्ही ज्या कादंबरीबद्दल लिहीत आहोत ती अमेरिकेतली आहे. लेखिकेचे नाव स्टेफनी पर्किन्स. पुस्तकाचे नाव 'देअर्स समवन इनसाइड युवर हाउस', म्हणजे 'तुमच्या घरात कोणीतरी आहे'. ते २०१७ साली निघाले. २०२१ साली त्यावर त्याच नावाचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. तो मोबाईलवर आपल्याकडच्या पोरांनाही पाहता येतो. ज्या कथांत एक मारेकरी सुरा घेऊन एकामागून एक जीव घेत सुटतो, त्यांना इंग्रजीत 'स्लॅशर' म्हणतात. १९७८ चा 'हॅलोवीन', १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ', १९९६ चा 'स्क्रीम' हे या जातीचे गाजलेले चित्रपट. ही कादंबरी त्याच जातीची, पण किशोरवयीन आणि नुकत्याच तरुण झालेल्या वाचकांसाठी लिहिलेली आहे.

आधी थोडक्यात गोष्ट सांगतो. नेब्रास्का राज्यातले ऑस्बोर्न हे मक्याच्या शेतांनी वेढलेले लहानसे गाव. हायस्कूलचे फूटबॉल सामने हाच तिथला मोठा विरंगुळा. तिथे हेली व्हाइटहॉल या मुलीचा तिच्या घरातच खून होतो. शाळेच्या नाटकात चमकणारी ही मुलगी. त्यानंतर मॅट बटलर हा फूटबॉलपटू आणि रॉड्रिगो मोरालेस हा संगणकात हुशार असलेला मुलगा मारला जातो. मारेकऱ्याची एक विचित्र खोड आहे. जीव घेण्यापूर्वी तो गुपचूप घरात शिरतो आणि लहानसहान वस्तू जागच्या हलवून ठेवतो. हेलीच्या घरातले अंड्याच्या आकाराचे वेळ लावायचे घड्याळ भलत्याच जागी सापडते. तिला वाटते, घरातल्याच कुणीतरी हलविले असेल.

कथेची नायिका मकानी यंग ही आजीकडे राहते. ती हवाईहून आलेली आहे. तिच्या अंगात हवाईच्या मूळ रहिवाशांचे आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकांचे रक्त आहे. गोऱ्या वस्तीच्या त्या गावात ती वेगळी उठून दिसते. हवाईत तिच्या हातून काहीतरी घडले आहे आणि ते ती मैत्रिणींनाही सांगत नाही. ऑली लार्सन नावाच्या गुलाबी केसांच्या, एकलकोंड्या मुलाशी तिचे सूत जुळते. गावाच्या तोंडी या ऑलीबद्दल नाही नाही त्या कंड्या आहेत. खून सुरू होताच संशयाची बोटे त्याच्याकडे वळतात.

आता वाचकांकडे वळू. या पुस्तकाबद्दल लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या वाचकांत सरळ दोन तट पडले आहेत. ज्यांना आवडले त्यांचे म्हणणे असे की पुस्तक हातात घेतले की खाली ठेववत नाही, घरातल्या हललेल्या वस्तूंची युक्ती अंगावर काटा आणते आणि मकानीसारखी नायिका अशा पुस्तकात क्वचितच भेटते. ज्यांना आवडले नाही त्यांच्या तक्रारी मुख्यतः चार आहेत. मारेकरी कोण ते पुस्तकाच्या मध्यावरच कळून जाते. प्रेमप्रकरणाला नको तेवढी पाने दिली आहेत. मकानीचे गुपित ताणून ताणून शेवटी सांगितले जाते. आणि चौथी, सर्वांत मोठी तक्रार अशी की एवढ्या खुनांमागचे कारण अगदीच फुसके आहे.

या तक्रारी आम्ही हसण्यावारी नेत नाही. पैसे आणि वेळ खर्चून वाचणाऱ्याला तक्रारीचा हक्क आहे. मात्र तक्रार कुठून आली हे पाहिले की पुस्तकही अधिक कळते आणि वाचकही.

पहिल्या दोन तक्रारींचे मूळ वाचकाच्या अपेक्षेत आहे. पर्किन्स बाईंचे नाव झाले ते २०१० सालच्या 'ॲना अँड द फ्रेंच किस' या प्रेमकथेमुळे. त्यांचा जुना वाचक प्रेमकथेच्या ओढीने आला आणि रक्त पाहून दचकला. रक्ताच्या कथा आवडणारा वाचक खुनांसाठी आला आणि प्रेमाची पाने पाहून कंटाळला. एका ताटात वाढलेले दोन पदार्थ, आणि जेवणाऱ्या प्रत्येकाला एकच हवा, असा हा प्रकार झाला.

मारेकरी लवकर कळतो याबद्दलही तसेच. 'स्क्रीम' चित्रपटात मुखवट्यामागे कोण हे अखेरपर्यंत झाकून ठेवले आहे. प्रेक्षक डोके लढवीत बसतो. 'हॅलोवीन'मध्ये मात्र मारणारा कोण हे पहिल्यापासून ठाऊक असते. तो आता कुठे उभा आहे, एवढीच भीती. पर्किन्स बाईंनी निम्मे पुस्तक पहिल्या रीतीने लिहिले आणि उरलेले दुसऱ्या रीतीने. मारेकरी वर्गातलाच एक मुलगा निघतो, गावाला त्याचे नाव कळते, पोलीस त्याला शोधतात आणि तरी तो सापडत नाही. कालपर्यंत शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा आज कुठल्या घरात लपला असेल, या विचाराने सारे गाव दारे लावून बसते. ही भीती आम्हाला खरी वाटली. पण कोडे सोडविण्याच्या आशेने आलेल्या वाचकाला फसविल्यासारखे वाटले असेल, तर त्याचेही खोटे नाही.

इथे आजीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मकानीच्या आजीला पूर्वी झोपेत चालण्याचा त्रास होता. त्यामुळे स्वयंपाकघरातली कपाटे उघडी दिसू लागली, वस्तू हललेल्या दिसू लागल्या, तेव्हा आजीचा जुना आजार उलटला असेच मकानीला वाटते. आजी म्हणते, मी हे केलेले नाही. तिच्या म्हणण्यावर विश्वास बसत नाही. प्रत्यक्षात घरात परका माणूस वावरत असतो. एखादी म्हातारी सांगते, "माझा चष्मा इथं नव्हता," आणि आपण म्हणतो, "आता तुमचं वय झालं, आजी." ही आपल्या घरातलीही रोजची गोष्ट आहे. आजीचे बोलणे वेळीच मनावर घेतले असते तर त्या घरातला हल्ला कदाचित टळला असता. सबंध पुस्तकातला हा सर्वांत भीतिदायक भाग आहे आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

तिसरी तक्रार मकानीच्या गुपिताची. वाचायचे ठरविलेल्यांनी हा परिच्छेद आणि पुढचे दोन सोडून दिले तरी चालेल. हवाईत ती शाळेच्या पोहण्याच्या संघात होती. तिथे मोठ्या मुलींनी नव्या मुलींना 'संघात घेण्याचा' विधी केला. दारू पाजली, अपमान केला, हातात चाकू दिला. त्या नशेत आणि संतापात मकानीने आपल्या जिवलग मैत्रिणीचे केस कापले आणि त्यातून त्या मैत्रिणीच्या जिवावर बेतले. काही वाचक म्हणतात, एवढे ताणले आणि निघाले एवढेच! काही म्हणतात, हे तर भयंकर आहे, अशा मुलीला नायिका कसे म्हणावे? एकाच प्रसंगावर दोन टोकांची मते पडली. आपल्याकडे या विधीला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ साली कायदा झाला. वसतिगृहात राहिलेल्या पोरांना विचारा, ती सांगतील की यंदा ज्याचा छळ झाला तोच पुढच्या वर्षी छळायला पुढे असतो. मकानीवर अन्याय झाला आणि तिनेही अन्याय केला. आपल्याला शिक्षा व्हायलाच हवी असे ती मनोमन धरून चालते. सुरा घेतलेला माणूस समोर येतो तेव्हाही, हे आपल्या कर्माचेच फळ, अशी भीती तिला खात असते. चुकलेल्या माणसाला सुधारून पुन्हा माणसांत यायला वाट असावी की नाही, हा या पुस्तकातला प्रश्न आहे. आमच्या मते ती असावी, आणि गुन्ह्याचे मोजमाप सुऱ्याने होऊ नये.

आता चौथी तक्रार. खुनाचे कारण काय? मारेकऱ्याने निवडलेली मुले पाहा. नाटकात चमकणारी, मैदानावर नाव काढणारा, संगणकात तरबेज. सगळी अशी की उद्या या गावातून बाहेर पडतील आणि काहीतरी बनतील. मारेकऱ्याला ठाऊक आहे की आपण इथेच राहणार. मकानीलाही हवाईला परत जायचे आहे असे त्याला वाटते. जे जाणार त्यांना जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे कारण. वाचक म्हणतात, हे काय कारण झाले? सूड नाही, पैसा नाही, जुने वैर नाही.

आम्हाला हे कारण लहान वाटत नाही. नेब्रास्काच्या ग्रामीण भागांतली वस्ती कित्येक दशकांपासून घटत आली आहे. शेतीत यंत्रे आली, शेते मोठी झाली, कामाला माणसे कमी लागू लागली. शिकलेली पोरे ओमाहा, लिंकन अशा शहरांकडे किंवा राज्याबाहेर जातात. अशा गावात प्रत्येक वर्गात दोन प्रकारची मुले बसलेली असतात, जाणारी आणि राहणारी. जाणाऱ्यांचे फोटो शाळेच्या भिंतीवर लागतात. राहणाऱ्यांकडे कोणी पाहत नाही. बहुतेक राहणारी मुले कामाला लागतात, संसार करतात, कोणाच्या केसालाही धक्का लावीत नाहीत. म्हणून मागे राहणे हे खुनाचे समर्थन कदापि होत नाही. पण मत्सराचे बी कुठल्या जमिनीत पडते ते लेखिकेने बरोबर हेरले आहे. तिची उणीव दुसरीकडे आहे. ते बी कसे रुजले, कसे वाढले, हे दाखवायला तिने पानेच दिली नाहीत. कारण घाईघाईने सांगून टाकले. वाचकांना ते फुसके वाटले ते त्यामुळे.

आपल्या वस्त्यांतून पाहिले तर हे कारण आणखी ओळखीचे वाटेल. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलीला काय काय ऐकावे लागते? "शिकून काय दिवे लावणार आहे?" "आता ही आपल्याशी कशाला बोलेल!" या बोलण्याला सुरा लागत नाही, पण त्याने पुष्कळ पोरींच्या पुढच्या वाटा बंद केल्या आहेत. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकाच घरात थोरला दहावीनंतर कामाला लागतो, कारण बापाचा पगार पुरत नाही. त्याच्या पैशावर धाकटा शिकतो. धाकटा पास झाला की पेढे वाटले जातात. त्या पेढ्यांचे पैसे ज्याने दिले त्याच्या पाठीवर हात ठेवायचे मात्र राहून जाते. थोरला काही बोलत नाही. तो बोलत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही असे नाही. ही कादंबरी वाचून एखाद्या आईने त्या रात्री थोरल्याजवळ पाच मिनिटे बसून विचारपूस केली, तरी आमच्या लेखी पुस्तकाचे काम झाले.

आणखी एका गोष्टीबद्दल वाचकांनी आवर्जून लिहिले आहे, आणि ती आपल्याही विचाराची आहे. अशा कथांच्या शेवटी जिवंत कोण राहते? अमेरिकेतील अभ्यासक कॅरोल क्लोव्हर यांनी १९८७ साली अशा चित्रपटांतून अखेरपर्यंत तग धरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल', म्हणजे शेवटची मुलगी, असे नाव दिले. ही शेवटची मुलगी वर्षानुवर्षे बहुधा गोरीच असे. काळ्या वर्णाचे पात्र आले की ते लवकरच मरणार, हे तिथल्या प्रेक्षकांना इतके पाठ झाले होते की त्यावर विनोद होऊ लागले. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटात ड्युएन जोन्स या काळ्या नटाने नायकाचे काम केले. तो नायक राक्षसी प्रेतांशी रात्रभर झुंजून जिवंत राहतो आणि सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मरतो. १९९७ च्या 'स्क्रीम २'मध्ये सुरुवातीलाच चित्रपटगृहात जे जोडपे मारले जाते ते काळे आहे, आणि मरण्यापूर्वी त्यातली मुलगी याच पद्धतीबद्दल तक्रार करीत असते. या पार्श्वभूमीवर मकानी शेवटपर्यंत जगते, तिच्या भीतीला आणि तिच्या मनाला पाने मिळतात, ही गोष्ट साधी नाही. ज्यांना आजवर कथेत पहिल्या पाच मिनिटांत मरावे लागत होते त्यांच्यातली एक मुलगी आता कथा पुढे नेते. हे ज्या वाचकांनी टिपले त्यांचे आम्हाला कौतुक वाटले. तोंडी लावण्यापुरते असणे आणि माणूस म्हणून असणे यातला फरक आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

चित्रपटाबद्दल थोडेसे. दिग्दर्शक पॅट्रिक ब्राइस यांनी गोष्ट बरीच बदलली आहे. मकानीचे काम सिडनी पार्क हिने केले आहे. चित्रपटातला मारेकरी वेगळा आणि त्याचे कारणही वेगळे. तो बळींची गुपिते चव्हाट्यावर मांडतो आणि मारताना ज्याला मारायचे त्याच्याच चेहऱ्याचा मुखवटा घालतो. मुखवट्याची कल्पना डोळ्यांना धक्का देते. पण पुस्तकातली घरातल्या वस्तू हळूच हलविण्याची भीती आणि मागे राहणाऱ्याचा मत्सर, हे दोन्ही त्यात मागे पडले. म्हणून चित्रपट पाहून पुस्तकाबद्दल मत देऊ नये आणि पुस्तक वाचून चित्रपटाबद्दलही.

आता घराघरातला प्रश्न. मुलांना असे पुस्तक द्यावे काय? पुस्तकात खुनांची वर्णने सविस्तर आहेत आणि तरुण मुलामुलीचे शरीरसंबंधही आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ते नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी वाचत असेल तर मात्र हिसकावून घेऊ नका. इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचणे हीच तिच्यासाठी एक पायरी आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर भाकरी थापताना तिला गोष्ट सांगायला सांगा. गोष्ट संपली की चार प्रश्न विचारा. आजीवर कोणी विश्वास का ठेवला नाही? सगळ्यांनी ऑलीवरच संशय का घेतला? मकानीला तू माफ करशील का? आणि त्या मुलाला मागे राहण्याचा एवढा राग का आला?

या प्रश्नांची उत्तरे देताना मुलगी आपल्याबद्दलही चार शब्द बोलून जाईल. कॉलेजात तिला कोण टोचून बोलते, वर्गात कोण एकटे बसते, भावाबद्दल तिला काय वाटते, हे एरवी विचारून कळत नाही. एका खुनाच्या गोष्टीमुळे ते ऐकायला मिळाले तर वाईट काय? आपल्या घरात हे पुस्तक कोणी वाचले असेल, चित्रपट पाहिला असेल, तर त्याचे मत आम्हाला पोस्टकार्डावर दोन ओळींत कळवा. पुस्तक आवडले नसेल तर का आवडले नाही तेही लिहा.